भांडण माऊसचं आणि कंट्रोलरचं

काय दोस्तांनो, सहामाहीचे पेपर मिळाले का हातात? मिळाले असतील तर घरी दाखवून झाले का? बरं बरं, तो विषय राहू दे. आज आपण परीक्षेचं नाही, एका भांडणाचं बोलू या. हे भांडण झालं आमच्याच घरी, नांदेडला, दिवाळीच्या सुट्टीत.

माझा भाचा लातूरहून आला होता. तो आठवीत आहे आणि माझा मुलगा सातवीत. भाच्याच्या घरी टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र आहे, त्याला कन्सोल म्हणतात. दोन्ही हातांत धरायचा कंट्रोलर घेऊन तो खेळतो. आमच्या घरी कॉम्प्युटर आहे. त्यामुळे माझा मुलगा डावा हात कीबोर्डवर आणि उजवा हात माऊसवर ठेवून खेळतो. चकल्या संपेपर्यंत दोघं गुण्यागोविंदानं होते. चकल्या संपल्या आणि विषय निघाला.

"तू गेम खेळायलास का टायपिंग करायलास?" भाचा म्हणाला.

"अन् तू अंगठ्यानं नेम धरायलास! अंगठ्यानं कोणी नेम धरतं का?" मुलगा म्हणाला.

भाच्यानं बॅगेत कंट्रोलर आणलाच होता. तो वायरनं आमच्या कॉम्प्युटरला जोडता आला, म्हणजे यंत्र एकच, गेमही तेच, फरक फक्त हातातल्या साधनाचा. आधी मोटारींची शर्यत झाली. तीन डाव झाले, तिन्ही भाच्यानं जिंकले. मग नेमबाजीचा गेम लागला. तिथं मुलानं त्याला एकदाही वर येऊ दिलं नाही. झालं! "तुझा रडीचा डाव," "तुझाच रडीचा डाव," असं करत एक गच्चीवर गेला, एक खोलीत जाऊन बसला. रात्री दोघं वेगवेगळ्या कोपऱ्यात जेवले.

"आत्या, तूच सांग, कोण खरं?" भाच्यानं विचारलं. मला उत्तर देता येईना. कारण गंमत अशी की दोघांपैकी कोणीच रडीचा डाव खेळलं नव्हतं!

स्कूटीची मूठ आणि नकाशावरचं बोट

भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा टांगला आहे, असं समजा. मी म्हटलं, "नांदेड दाखवा." तुम्ही बोट उचललं आणि थेट नांदेडवर ठेवलं. "आता लातूर." बोट सरकलं, थांबलं. माऊस म्हणजे हे बोट. हात थोडा हलला की पडद्यावरचा बाण थोडा हलतो, हात थांबला की बाण थांबतो. माऊस सांगतो 'जागा'.

आता स्कूटीची मूठ आठवा. मूठ पिळून धरली की गाडी पुढे जातच राहते. जास्त पिळली तर जोरात, कमी पिळली तर हळू, सोडली की वेग कमी. कंट्रोलरवरची छोटी दांडी, जिला स्टिक म्हणतात, ती अशीच असते. कलती धरली की नेम सरकतच राहतो. दांडी सांगते 'वेग'.

लक्षात आलं का? नेमबाजीत लक्ष्य कुठं आहे ते नेमकं दाखवायचं असतं, तिथं बोट चांगलं. मूठ पिळून नेमक्या ठिपक्यावर थांबायचं म्हणजे कधी पुढे जाणार, कधी अलीकडे राहणार. पण शर्यतीत वळण हळूहळू घ्यायचं असतं. कीबोर्डचं बटण म्हणजे दिव्याचं बटण, एक तर चालू, नाही तर बंद. दांडी म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर. चाक थोडं वळवायचं की पूर्ण वळवायचं, हे तिच्यावर बारकाईनं ठरवता येतं. म्हणून भाचा शर्यत जिंकला आणि मुलगा नेमबाजी.

हे वर्गात समजावायला मी मैदानावर एक खेळ घेतला. तुम्हीही घ्या. एकाच्या डोळ्यांवर रुमाल बांधा आणि जमिनीवर खडूनं गोल काढा. आधी त्याला पावलं मोजून सांगा, "चार पुढे, एक उजवीकडे." मग दुसऱ्या वेळी फक्त त्याच्या खांद्याला हात लावा. हात आहे तोवर त्यानं चालायचं, काढला की थांबायचं. गोलात नेमकं कधी थांबता येतं आणि सलग चालणं कधी सोपं वाटतं, ते बघा. आमच्या वर्गात या खेळात इतका गोंधळ झाला की शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या!

लाकडी उंदीर आणि अधिकचं चिन्ह

हा उंदीर आला कुठून? अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट नावाचे संशोधक होते. पडद्यावर खूण दाखवायला सोपं साधन हवं, म्हणून त्यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश या सहकाऱ्यानं १९६४ साली पहिला माऊस बनवला. तो चक्क लाकडाचा होता! खाली दोन चाकं, वर एक बटण. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्ट यांनी तो लोकांसमोर चालवून दाखवला. पुढे याच बिल इंग्लिश यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर माऊस, दांडी आणि बटणं यांची रीतसर शर्यतच लावली. पडद्यावरचा मजकूर निवडायचा होता. १९७८ साली निकाल छापून आला, माऊस पहिला!

म्हणजे कंट्रोलर हरला का? थांबा. ती शर्यत मजकूर निवडण्याची होती. उड्या मारण्याची शर्यत लावली असती तर?

उड्यांचा विषय निघाला की जपानच्या गुनपेई योकोई यांचं नाव घ्यावं लागतं. १९८२ साली निन्टेन्डो कंपनीच्या हातात मावणाऱ्या एका छोट्या गेमसाठी त्यांनी अधिकच्या चिन्हासारखं बटण तयार केलं. एकाच अंगठ्यानं वर, खाली, डावीकडे, उजवीकडे! १९८३ साली जपानमध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या कन्सोलवरही तेच बटण आलं आणि जगभरच्या मुलांच्या डाव्या अंगठ्याखाली जाऊन बसलं.

त्या कन्सोलसारखीच दिसणारी, वागणारी स्वस्तातली यंत्रं आपल्याकडंही आली. मी तुमच्याएवढी असताना नांदेडला कुणाच्या तरी घरी असा व्हिडिओ गेम असायचा आणि सगळी गल्ली त्या घरी असायची. कॅसेट लागली नाही की काढायची, फुंकर मारायची, पुन्हा घालायची. मारिओ उड्या मारत दूरवर पोचायचा आणि नेमकी लाईट जायची! त्या कॅसेटमध्ये खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. लाईट आली की मारिओ पुन्हा पहिल्या पायरीवर. लोडशेडिंगनं आम्हाला चिकाटी शिकवली ती अशी.

कॉम्प्युटर हळूहळू शाळांत आणि क्लासमध्ये आले. त्यावर 'डेव्ह' आणि 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळलेले आईबाबा तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असतील, विचारून बघा. तेव्हा बाणांची बटणंच पुरायची. १९९६ साली 'क्वेक' नावाचा गेम आला. त्यात चहूबाजूंना बघावं लागे. १९९७ साली अमेरिकेत त्याची मोठी स्पर्धा झाली. ती जिंकली डेनिस फाँग या तरुणानं. चालायला डावा हात कीबोर्डवर, बघायला उजवा हात माऊसवर, ही त्याची पद्धत. बक्षीस काय मिळालं? गेम बनवणाऱ्या जॉन कारमॅक यांची स्वतःची फेरारी गाडी! मग काय, पुष्कळांनी त्याच्यासारखे हात ठेवायला सुरुवात केली. माझा मुलगाही तसेच ठेवतो.

त्याच सुमारास कंट्रोलरही बदलत होता. १९९६ साली निन्टेन्डोनं आपल्या नव्या यंत्राच्या कंट्रोलरला कलणारी दांडी दिली, १९९७ साली सोनीनं दोन दांड्या दिल्या. एकीनं चालायचं, दुसरीनं बघायचं. नेम धरायला दांडी थोडी कमी पडते, हे गेम बनवणाऱ्यांनाही ठाऊक असतं. म्हणून पुष्कळ गेममध्ये कंट्रोलरवाल्यांचा नेम लक्ष्याजवळ आला की आपोआप जरा मंदावतो. भाच्याला हे ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हा तो जरा गप्पच झाला!

आपल्या पुण्याचंही एक उदाहरण घ्या. तिथल्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीनं 'राजी' नावाचा गेम बनवला. असुरांनी पळवलेल्या भावाला शोधत निघालेल्या मुलीची ती गोष्ट आहे. ऑगस्ट २०२० मध्ये तो आधी निन्टेन्डोच्या स्विच या कन्सोलवर आला, मग ऑक्टोबरमध्ये कॉम्प्युटरवर आणि इतर कन्सोलवर. राजी धावते, भिंतींवर चढते, त्रिशूळ फिरवते. अशा धावपळीला दांडी छान.

चूक बाईंची

आता एक गोष्ट सांगते. सांगताना मला बरं वाटत नाही, पण सांगायलाच हवी.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. गणितात हुशार, चित्रं सुरेख काढते. पण शाळेच्या कॉम्प्युटरवर ती सगळ्यांत मागे. बाण कुठंतरी जायचा, चौकोनात म्हणून थांबायचा नाही. मुलं हसायची. मी तिच्या प्रगतिपत्रकात लिहिलं, 'संगणकाचा सराव कमी.' ती संगणकाच्या तासाला पोट दुखतं म्हणून बसून राहू लागली.

दिवाळीनंतर शाळा भरली. घरातलं भांडण माझ्या डोक्यात होतंच. ती वहीत लिहीत होती आणि माझं लक्ष तिच्या हाताकडं गेलं. डावा हात! वर्षभर मी तिला डाव्या हातानं लिहिताना बघत होते. पण माऊस मात्र उजवीकडे ठेवलेला आणि मी तिला उजव्या हातानं तो धरायला लावत होते.

त्याच दिवशी माऊस उचलून डावीकडे ठेवला आणि सेटिंगमध्ये जाऊन त्याची बटणं उलटी करून दिली. जादू झाली नाही हं. चार-पाच तास तिला सवय करायला लागले. पण आठवड्याभरात ती इतरांच्या बरोबरीनं काम करू लागली. मी वर्गासमोर सांगितलं, "चूक माझी होती." प्रगतिपत्रकातला शेरा खोडला आणि तिथं सही केली.

मी तिला विचारलं, "अगं, तू आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "बाई, मला वाटलं माऊस उजवीकडंच ठेवायचा असतो."

तेव्हा मुलांनो, तुमच्या शेजारचं पोर हळू असेल तर हसण्याआधी त्याच्या हातात काय दिलंय ते बघा. मोठ्या कंपन्यांनाही हे उशिराच सुचलं. ज्यांचे हात नीट हलत नाहीत, त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टनं २०१८ साली एक वेगळा कंट्रोलर काढला. त्याला दोन मोठाली बटणं आहेत आणि कोपरानं, पायानं दाबायची आणखी बटणंही जोडता येतात. सोनीनं आपला तसा कंट्रोलर २०२३ साली आणला.

करून पाहा

कोरा कागद आडवा घ्या. त्यावर ४ सेंटिमीटर रुंदीचे दोन चौकोन काढा, मध्ये ५ सेंटिमीटर अंतर ठेवा. मित्राला घड्याळ द्या. १५ सेकंदांत पेन्सिलीनं एकदा या चौकोनात, एकदा त्या चौकोनात टिंब द्या. टिंबं मोजा, चौकोनाबाहेर पडलेली धरू नका. आता दुसऱ्या कागदावर १ सेंटिमीटरचे चौकोन काढा आणि मध्ये १५ सेंटिमीटर अंतर ठेवून पुन्हा खेळा. टिंबं किती कमी झाली? लक्ष्य जितकं लहान आणि दूर, तितका वेळ जास्त. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं अशाच खेळातून १९५४ साली याचा नियम मांडला. माऊसची परीक्षा आजही त्याच नियमानं घेतात. शेवटी हाच खेळ दुसऱ्या हातानं खेळा. मग माझ्या वर्गातल्या मुलीला काय वाटलं असेल ते कळेल.

पालकांसाठी दोन शब्द

"कन्सोल घ्या" असा हट्ट घरी चालू असेल, तर घाई करू नका. सोनीचा प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला, तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती आणि तो मुख्यतः खेळण्यासाठीच आहे. घरात कॉम्प्युटर असेल तर बहुतेक गेमसाठी त्यालाच एक कंट्रोलर जोडता येतो. अभ्यासही त्यावरच होतो. विकत घेण्याआधी कुणाकडं तरी तासभर खेळून बघू द्या, मूल कोणत्या हातानं जेवतं, लिहितं, चेंडू फेकतं तेही बघा. आणि एकदा तुम्हीही हातात घेऊन बघा. मूल आपल्याला शिकवतंय, यासारखा आनंद त्याला दुसरा नाही.

आता त्या भांडणाचं काय झालं? मी दोघांना साधनं बदलायला लावली. भाच्याच्या हातात माऊस आला, मुलाच्या हातात कंट्रोलर. एकाची गाडी सारखी भिंतीवर आपटत होती, दुसऱ्याचा नेम आभाळात जात होता. दोघंही इतके हरले की हसून हसून खाली बसले. भाच्याला लातूरच्या एस.टी.त बसवायला गेलो, तेव्हा तो खिडकीतून मुलाला म्हणाला, "उन्हाळ्यात ये. येताना माऊस घेऊन ये."

तुमच्या टिंबांचे आकडे मला लिहून पाठवा. डावखुऱ्यांनी तर नक्की पाठवा!

तुमची,
बाई