गॅलियम नायट्राइडचा कारखाना आणि न मिळणारा ड्रायव्हर

एप्रिल २०२५ मध्ये नवा रायपूर येथे गॅलियम नायट्राइडवर आधारित चिप्सच्या कारखान्याचे भूमिपूजन झाले. गुंतवणूक १,१४३ कोटी रुपयांची. त्याच वर्षी सप्टेंबरात मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत घडलेला ३२ बिटांचा ‘विक्रम’ प्रोसेसर पंतप्रधानांच्या हाती सुपूर्द करण्यात आला. या बातम्यांचा अभिमान वाटावा यात गैर काहीच नाही. माझा आक्षेप आहे तो चिप घडली म्हणजे तंत्रज्ञान आले, या समजुतीला.

योगायोग असा की गॅलियम नायट्राइड हाच निळ्या एलईडीचाही पाया आहे. आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले ते याच पदार्थातून निळा प्रकाश काढल्याबद्दल. त्या निळ्यावर फॉस्फरचा थर दिला की पांढरा एलईडी होतो आणि असे काही शे एलईडी एका पत्र्यावर बसवले की रोपे वाढवण्याचा दिवा, म्हणजे ग्रो लाइट, तयार होतो. नव्या कारखान्यापासून फार दूर नसलेल्या तेलीबांध्यात, आमच्याच इमारतीत, वनस्पतिशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचा असा दिवा मे महिन्यात विझला. भाताच्या रोपांवर ठरावीक तासांच्या प्रकाशाचा प्रयोग सुरू होता. २१६ एलईडींपैकी एकही जळालेला नव्हता. बंद पडला होता तो मागे चिकटवलेला ड्रायव्हर. विक्रेत्याचे उत्तर एका ओळीत आले : सुटा भाग मिळत नाही, नवा दिवा घ्या. बदली ड्रायव्हर जुळेपर्यंत तीन आठवडे गेले आणि ती तुकडी बाद झाली. पीएचडीच्या वेळापत्रकात भाताचा एक हंगाम म्हणजे काय, हे ज्यांनी तो घालवला आहे त्यांनाच विचारावे.

बाजारात ‘एलईडी ड्रायव्हर’ या नावाने जे पहिल्यांदा हातात ठेवले जाते ते बहुधा स्थिर व्होल्टेज देणारे असते. दिव्यांच्या पट्ट्यांसाठी ते ठीक. ग्रो लाइटला लागतो स्थिर प्रवाह. डायोडमधील प्रवाह व्होल्टेजनुसार घातांकी गतीने वाढतो आणि तापमान एका अंशाने वाढले की त्याला लागणारे व्होल्टेज सुमारे दोन मिलिव्होल्टने उतरते. एकापाठोपाठ जोडलेले अठरा एलईडी चाळीस अंशांनी तापले तर ही घट जवळपास दीड व्होल्ट होते. बाहेरचे व्होल्टेज तेवढेच राहिले तर प्रवाह उसळतो, उष्णता वाढते, प्रवाह आणखी उसळतो. चुकीचा ड्रायव्हर लावून धडधाकट पत्रा जाळण्याचा हा राजमार्ग आहे.

म्हणजे बदली शोधणाऱ्याला तीन आकडे हवेत : किती अँपिअर, किती ते किती व्होल्ट, किती वॅट. आमच्या ड्रायव्हरवर फक्त इनपुटचे व्होल्टेज छापले होते. शेवटी प्रवाहाला मर्यादा घालता येणारा प्रयोगशाळेतील वीजपुरवठा जोडून, अगदी कमी प्रवाहापासून वर चढत, आम्ही मोजले. सुमारे ५४ व्होल्ट आले. दिवा १०० वॅटचा, त्यातून ड्रायव्हरचा स्वतःचा खप वजा करून पत्र्याला ९० च्या आसपास. म्हणजे प्रवाह साधारण १.६ ते १.७ अँपिअर. आम्ही दीड अँपिअरचा घेतला. प्रकाश किंचित कमी, पण पत्रा थंड. हे सगळे एका भौतिकशास्त्रज्ञाला जमले, यात कौतुक कसले? जे उत्पादकाने दोन ओळींत छापायला हवे होते, ते शोधायला डॉक्टरेट लागावी, हीच लाजिरवाणी गोष्ट आहे.

आणि ड्रायव्हर मरणार हे उत्पादकाला ठाऊक असते. त्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांना निम्मे होते. १०५ अंशांना ५,००० तास टिकणारा कपॅसिटर ८५ अंशांना २०,००० तास टिकेल. रोज सोळा तासांच्या हिशेबाने साडेतीन वर्षेही नाहीत. एलईडीचे आयुष्य मात्र खोक्यावर ५०,००० तास असे झळकते. रायपुरात मे महिन्यात पारा ४४ वर जातो, आणि इथे तर ड्रायव्हर तापलेल्या पत्र्यालाच चिकटवलेला!

‘पाणी जाऊ नये म्हणून सगळे एकत्र बंद करावे लागते,’ हा उत्पादकांचा युक्तिवाद मी ऐकला आहे. पाणी रोखणारे जोड साध्या सौर पॅनेललाही असतात. युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२१ पासून लागू केलेल्या नियमात प्रकाशस्रोत आणि त्याचे नियंत्रक उपकरण नेहमीच्या अवजारांनी, दिव्याला कायमची इजा न होता बदलता आले पाहिजे, असे म्हटले आहे. शक्य नसेल तर तांत्रिक कारण द्यावे लागते. तिथे पाऊस पडत नाही असे नाही.

आपल्याकडे काय आहे? ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, डिसेंबरात पोर्टल आले. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहने अशी चार क्षेत्रे निवडली. ग्रो लाइट यातल्या कशात बसतो, ते ज्याचे त्याने ठरवावे. एअर कंडिशनर आणि एलईडी दिव्यांसाठीच्या ६,२३८ कोटींच्या उत्पादन प्रोत्साहन योजनेत ड्रायव्हर हा पात्र घटक आहे. सरकारी पैशातून ड्रायव्हर बनवायला मदत होते, पण तो बदलता यावा अशी अट कोणी घालत नाही. बीआयएसची सक्तीची नोंदणी आहे, ती सुरक्षिततेसाठी. शॉक बसणार नाही याची ती काळजी घेते, दिवा भंगारात जाणार नाही याची नव्हे. ‘उजाला’ योजनेत ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. विजेची बचत मोठी आणि खरी आहे. पण त्या बल्बचाही ड्रायव्हर आतच बंद असतो, आणि तो गेला की सगळा बल्ब जातो.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर एक मोठा ग्राहक आपल्या हातात आहे : विद्यापीठे, कृषी संशोधन केंद्रे आणि आपल्या प्रयोगशाळा. आम्ही निविदा काढताना वॅट आणि किंमत लिहितो, आणि सर्वांत स्वस्त दिवा घेऊन मोकळे होतो. आपापल्या विभागातील खरेदी समितीकडे विद्यार्थ्यांनी पुढील मजकूर घेऊन जावे : ‘ड्रायव्हर स्क्रूने बसवलेला व सुटा करता येण्याजोगा असावा, त्यावर आउटपुट प्रवाह, व्होल्टेजची कक्षा आणि वॅट ठळक छापलेले असावेत, पाच वर्षे सुटा ड्रायव्हर पुरवण्याची लेखी हमी द्यावी.’ मजकूर जसाच्या तसा उचलावा, माझे नाव घालण्याची गरज नाही.