विश्लेषण : लेझरच्या झोताने चिपला ‘चुकवता’ येते? उपाय आराखड्यातच का हवा?

बँकेचे कार्ड, मोबाइलचे सिम, ई-पासपोर्ट या सगळ्यांची सुरक्षा एका गृहीतकावर उभी आहे. ते म्हणजे, चिप दिलेली आज्ञा बिनचूक पाळते. लेझरचा हल्ला नेमका या गृहीतकावरच होतो.

प्रकाशाने चिप कशी चुकते?
सिलिकॉनवर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि ट्रान्झिस्टरमध्ये क्षणभर नको असलेला प्रवाह वाहतो. तेवढ्यात ० चा १ होतो किंवा एखादी आज्ञा गाळली जाते. ती आज्ञा ‘पिन तपासा’ अशी असेल, तर कुलूप न तोडताच दार उघडते.

हे प्रत्यक्षात घडले आहे?
होय. २००२ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या सर्गेई स्कोरोबोगातोव्ह आणि रॉस अँडरसन यांनी ३० डॉलरच्या जुन्या कॅमेरा फ्लॅशचा झोत सूक्ष्मदर्शकातून टाकून मायक्रोकंट्रोलरच्या मेमरीतील एकेक बिट बदलून दाखवला. रॅस्पबेरी पायने २०२४ मध्ये आपली आरपी२३५० चिप भेदण्याचे जाहीर आव्हान दिले. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या विजेत्यांपैकी एकाने लेझरच वापरला होता.

मग मॉडेल कशासाठी?
चिप बनण्यापूर्वीच तिच्या कमकुवत जागा कळाव्यात म्हणून. संगणकावरील सर्किटमध्ये लेझरचा परिणाम तात्पुरता प्रवाहस्रोत म्हणून जोडतात. मग झोताची शक्ती, वेळ आणि जागा बदलत बिट कधी उलटतो ते पाहतात. अडचण अशी, की लेझरचा ठिपका साधारण एक मायक्रॉनचा असतो आणि आजचे ट्रान्झिस्टर त्याहून कितीतरी लहान. एका ठिपक्याखाली अनेक ट्रान्झिस्टर येतात, शिवाय वीजपुरवठ्याचा दाब क्षणभर घसरून शेजारचा भागही चुकू शकतो. ‘एका वेळी एकच बिट उलटतो’ असे मानणारे मॉडेल त्यामुळे खोटा दिलासा देते.

सामान्यांनी घाबरावे का?
नाही. हल्लेखोराला चिप हातात घेऊन उघडावी लागते. मात्र सर्व उपकरणांत एकच गुप्त किल्ली असेल, तर एक चिप फुटली की सगळीच उघडी पडतात.

भारताने काय करावे?
आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे देशी प्रोसेसर आहेत. पण देशी म्हणजे आपोआप सुरक्षित नव्हे. अ‍ॅपमधील चूक अपडेटने सुधारता येते, सिलिकॉनमध्ये कोरलेली नाही. म्हणून सरकारी खरेदीत वास्तववादी मॉडेलवरील चाचणी आणि प्रत्येक चिपला वेगळी किल्ली या दोन अटी हव्यात. आराखड्यात टाळलेला खर्च पुढे ग्राहकाच्या माथी पडतो.