अपघात निरंक, मावशी बेदखल

रुग्णालयात तिला सगळे ‘मावशी’ म्हणतात. डॉक्टर म्हणतात, सिस्टर म्हणतात, पेशंटचे नातेवाईकही म्हणतात. लादी पुसणारी, बेडपॅन उचलणारी, बाळंतपणानंतरची खोली धुणारी, कचऱ्याच्या पिशव्या बांधून मागच्या खोलीत नेऊन ठेवणारी ती मावशी. हाक आपुलकीची आहे. पण या आपुलकीत एक सोय दडलेली आहे. मावशी म्हटलं की नाव विचारावं लागत नाही. आणि जिचं नाव कुठल्या यादीत नाही, तिचा अपघात कुठल्याच नोंदवहीत येत नाही.

गेल्या पावसाळ्यात घरातल्या एका आजारी माणसासोबत मी तीन रात्री रुग्णालयात काढल्या. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतलंच ते एक रुग्णालय. सरकारी की खासगी, हेही सांगत नाही. कारण नाव लिहिलं की चौकशी लागते आणि चौकशी लागली की सगळ्यात आधी मावशीलाच बोलावतात. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास ती कचऱ्याची पिशवी बांधत होती. अचानक हात झटकला. पातळ हातमोज्यातून सुई आरपार गेली होती. तिनं मोजा काढला, बोट दाबून रक्त काढलं, नळाखाली धरलं, पट्टीचा तुकडा गुंडाळला आणि पुन्हा पोछा उचलला.

मी म्हटलं, “मावशी, सिस्टरला सांगितलं का?”

“काय नाय होत, दादा. चालायचंच. सांगितलं तर ठेकेदार म्हणंल, तुझीच चूक. उद्या दुसरी येईल माझ्या जागी.”

त्या रात्री ती सुई कुणाला टोचली होती, त्या पेशंटला कोणता आजार होता, मावशीला कधी लस दिली होती का, यातला एकही प्रश्न कुणी विचारला नाही. विचारणार कोण? अपघात झालाय हेच माहीत असणारी माणसं दोन होती. एक ती आणि एक मी.

सुई टोचणं ही किरकोळ बाब नाही. हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाची सुई लस न घेतलेल्या माणसाला टोचली, तर अशा शंभर प्रसंगांत साधारण ६ ते ३० जणांना लागण होऊ शकते. हिपॅटायटिस सी मध्ये हे प्रमाण शंभरात दोनच्या आसपास आहे. एचआयव्हीमध्ये ते हजारात तीन आहे. म्हणजे ज्या एचआयव्हीची आपण सर्वाधिक भीती बाळगतो, त्याहून कितीतरी मोठा धोका काविळीच्या विषाणूचा आहे. हा विषाणू वाळलेल्या रक्तात, पृष्ठभागावर सात दिवस जिवंत राहू शकतो. आणि नेमका याच आजारावर तीन डोसांची साधी, जुनी, भरवशाची लस आहे. पहिला डोस, महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ साली सुरू झाला, त्यात आरोग्य कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाची तरतूद आहे. एचआयव्हीसाठीही सुई टोचल्यानंतर घ्यायच्या गोळ्या आहेत. शक्यतो दोन तासांत सुरू कराव्यात, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि २८ दिवस चालू ठेवाव्यात. वैद्यकशास्त्रानं आपलं काम केलं आहे. अडलंय ते व्यवस्थेत.

कायदाही कमी पडलेला नाही. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २०१६ सालचे आहेत. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यावी, कामावर घेताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी करावी, हातमोजे-मास्क-गमबूट अशी संरक्षक साधनं द्यावीत, प्रशिक्षण द्यावं, अपघाताची नोंद ठेवून ती कळवावी, असं हे नियम सांगतात. सुया-ब्लेड पांढऱ्या, टोचलं तरी न फाटणाऱ्या डब्यात, दूषित प्लास्टिक लाल पिशवीत, रक्तमांसाचा कचरा पिवळ्या पिशवीत, काच निळ्या खुणेच्या खोक्यात, ही वाटणीही त्याच नियमांत आहे. यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की नियम ‘आरोग्य कर्मचारी आणि कचरा हाताळणारे इतर’ असे शब्द वापरतात. पगार कोण देतो, सरकार की ठेकेदार, हे नियम विचारत नाहीत. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध कायदा २०१७ सालचा. त्यातलं १९ वं कलमही आरोग्यसेवा देणाऱ्या प्रत्येक आस्थापनेवर तिथं काम करणाऱ्यांसाठी सुरक्षित वातावरण, प्रशिक्षण आणि सुई टोचल्यानंतरचे उपचार यांची जबाबदारी टाकतं.

मग हे सगळं जातं कुठं? ते कागदावर जातं. प्रत्येक आस्थापनेला दरवर्षी ३० जूनपर्यंत जैववैद्यकीय कचऱ्याचा वार्षिक अहवाल द्यावा लागतो. त्यात किती अपघात झाले, किती जण जखमी झाले, किती जणांना प्रशिक्षण दिलं, असे रकाने असतात. सरकारी भाषेत अशा रकान्यांसाठी एक फार लाडका शब्द आहे : निरंक. त्या रात्रीची सुईसुद्धा कुठल्यातरी ‘निरंक’मध्येच जिरली असणार. जिथं रात्रंदिवस इंजेक्शनं दिली जातात, टाके घातले जातात, बाळंतपणं होतात, तिथं वर्षभरात एकही सुई कुणाला टोचत नाही, यावर विश्वास ठेवायचा असेल तर ठेवा. माझ्या मते अशा ठिकाणच्या ‘निरंक’चा अर्थ अपघात झाला नाही असा नसतो. अपघात सांगायची सोय नाही, असा असतो.

मुरबाडमध्येच एमआयडीसी आहे. तिथल्या कारखान्यात एखाद्याचं बोट मशिनमध्ये गेलं, तर निदान कायद्यानं ती बातमी बाहेर जायला हवी. त्यासाठी १९४८ सालचा कारखाने अधिनियम होता, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे, ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ घेतली जाते. तिथंही सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. पण ‘कामाची जागा धोक्याची असते’ ही कल्पना तरी कारखान्यानं मान्य केली आहे. रुग्णालयानं ती अजून मान्य केलेली नाही. रुग्णालय ही सेवेची जागा, आणि सेवा म्हटलं की तक्रार कशी करायची? सेवा या पवित्र शब्दाखाली कामगाराचे हक्क सगळ्यात स्वस्तात पुरले जातात.

नवी कामगार संहिता आली आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीविषयीची २०२० सालची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिनं केंद्र आणि राज्य सरकारच्या कार्यालयांना वगळलं आहे. रुग्णालय हे ‘कार्यालय’ ठरतं का, यावर वकील वाद घालत बसतील. पण त्याच कलमात पुढं म्हटलं आहे की अशा कार्यालयात ठेकेदारामार्फत लावलेल्या कामगारांना संहिता लागू राहील. संहितेत प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देण्याची तरतूद आहे. म्हणजे ठेक्यावरच्या मावशीला कायद्यात जागा आहे. तिच्या हातात तो कागद आहे का, हे तिला विचारा. ती हसेल.

आता जबाबदारीकडे वळू. धोका जसा वरून खाली सरकत मावशीपर्यंत येतो, तसाच दोषही खालीच घरंगळतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली. १० बाळं गेली. निलंबनं वरच्यांचीही झाली, पण पुढं पोलिसांत सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला तो दोन परिचारिकांवर. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता कक्ष पेटला. त्या दिवशी ११ रुग्ण दगावले. तीन दिवसांत चार महिलांना अटक झाली, एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका. मुरबाडवरून माळशेज घाट चढणारा रस्ता याच नगरला जातो. पण त्या आगीचा धडा हा घाट उतरून आपल्याकडे आलाय असं वाटत नाही. कुणाची चूक किती, ते न्यायालय ठरवेल. माझा प्रश्न वेगळा आहे. इमारतीची वायरिंग परिचारिकेनं केली नव्हती. अग्निसुरक्षेची यंत्रणा बसवायची फाइल तिच्या टेबलावर नव्हती. ज्या खोलीत ती रुग्णांसोबत जळून मेली असती, त्या खोलीच्या सुरक्षिततेबद्दल तिला आधी कुणी कधी विचारलं होतं का? अपघातापूर्वी जिला अधिकार नाही, तिच्यावर अपघातानंतर सगळी जबाबदारी, हा कुठला न्याय?

ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात निवासी डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला आणि देश हादरला. सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय कृती दल नेमलं. ते आवश्यकच होतं. महाराष्ट्रात तर वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तींवरच्या हल्ल्यांविरोधात २०१० पासून कायदा आहे. पण रुग्णालयातली सुरक्षितता म्हटलं की चर्चा डॉक्टर, सीसीटीव्ही आणि गार्ड यांच्यापाशी थांबते. पहाटे साडेपाचला अंधारात पाड्यावरून चालत ड्यूटीवर येणारी मावशी, रात्री एकटीनं कचऱ्याच्या खोलीकडे जाणारी मावशी, कपडे बदलायला जागा नसलेली मावशी त्या चर्चेत नसते.

यावर मला दोन-तीन उत्तरं नेहमी ऐकायला मिळतात. पहिलं : “इथं डॉक्टर नाही, औषध नाही. शहापूरच्या पाड्यांवरून पेशंट झोळीत घालून आणतात. आधी पेशंटचं बघा, मग स्टाफचं.” हे ऐकायला माणुसकीचं वाटतं, पण विचार उलटा आहे. जी सुई मावशीला टोचते ती चुकीच्या पिशवीत गेलेली असते, आणि जिथं सुया चुकीच्या पिशवीत जातात तिथं पेशंटही सुरक्षित नसतो. न धुतलेले हात, न बदललेली चादर, टीबीचा खोकला असलेल्या रुग्णाला इतरांतच ठेवणं, या सगळ्याचा पहिला बळी कर्मचारी आणि दुसरा बळी शेजारच्या खाटेवरचा कातकरी किंवा ठाकर म्हातारा. दोघांची सुरक्षितता एकच आहे.

दुसरं उत्तर : “साधनं दिली तरी या बायका वापरत नाहीत.” खरं आहे, पुष्कळदा वापरत नाहीत. जाड रबरी मोजे एकाच मापाचे येतात, तेही पुरुषाच्या हाताचे. ओल्या लादीवर मोठा गमबूट घालून चालून बघा. प्रशिक्षण दिलं म्हणजे काय दिलं, तर हजेरीपटावर सही घेतली. वापरता येणार नाही असं साधन द्यायचं आणि मग अडाणीपणाचा शिक्का मारायचा, ही आपली जुनी पद्धत आहे. घाणीचं काम कुणी करायचं हे या देशात जातीनं ठरवलं, आणि ते करणाऱ्याला काही होत नाही हा समजही जातीनंच पसरवला. मावशीचं “काय नाय होत” हे तिचं अज्ञान नाही. पिढ्यान्‌पिढ्या तिला दिलेलं उत्तर तीच परत म्हणते.

तिसरं उत्तर पैशाचं. भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत. या तालुक्याच्या पाण्यावर मुंबई जगते. आणि त्याच तालुक्यात सफाई करणाऱ्या बाईच्या तीन इंजेक्शनांसाठी पैसा नाही, हे मला कुणी समोर बसून सांगावं.

मागण्या फार मोठ्या नाहीत. प्रत्येक रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या सगळ्यांची एक यादी करा. डॉक्टरपासून ठेक्यावरच्या सफाई कामगारापर्यंत सगळ्यांची, आणि प्रत्येकाच्या नावापुढं हिपॅटायटिस बी च्या तीन डोसांच्या तारखा लिहा. सुई टोचली तर लगेच काय करायचं, म्हणजे बोट दाबायचं नाही, साबण-पाण्यानं धुवायचं, कुणाला सांगायचं, गोळ्या रात्री दोन वाजता कुठं मिळतील, हे प्रत्येक वॉर्डच्या भिंतीवर मराठीत मोठ्या अक्षरांत लावा. ठेक्याच्या करारात अट घाला : कामगारांची लस आणि वार्षिक तपासणी झाल्याचा पुरावा नसेल तर ठेकेदाराचं बिल निघणार नाही. या एका ओळीनं जे होईल ते दहा कार्यशाळांनी होणार नाही. आणि अपघात सांगणाऱ्याला नोटीस देऊ नका. वर्षभर ‘निरंक’ लिहिणाऱ्या प्रमुखाला विचारा की तुमच्याकडे माणसं काम करतात की देवदूत?

आपणही काही करू शकतो. २०१६ च्या नियमांप्रमाणे वार्षिक अहवाल संकेतस्थळावर टाकणं बंधनकारक आहे. नसेल तर माहितीच्या अधिकारात मागा. रुग्ण कल्याण समितीवर आपल्या गावचे, आपल्या ओळखीचे लोक असतात. त्यांना पुढच्या बैठकीआधी फोन करा आणि एवढंच विचारा, सफाईवाल्या मावशींना लस दिली का? रंगरंगोटीच्या बिलावर तासभर चर्चा करणाऱ्या बैठकीत हा प्रश्न पाच मिनिटं तरी येऊ द्या.

तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज मिळाला तेव्हा मी मावशीला तिचं नाव विचारलं. तिनं आधी संशयानं बघितलं. “कशाला पायजे?” मग सांगितलं. ते नाव मी इथं लिहिणार नाही, तिची नोकरी माझ्या लेखापेक्षा महत्त्वाची आहे. पण ते नाव त्या रुग्णालयाच्या लसीकरणाच्या यादीत असायला हवं. तिथं ते येईपर्यंत कुठल्याही अहवालातल्या ‘निरंक’वर माझा विश्वास बसणार नाही.