टिक तर केलंय, बॉस!

नाव काय? कसलं ऑपरेशन? गुडघा डावा की उजवा? ऑपरेशनच्या दिवशी हेच प्रश्न तिसऱ्यांदा आले की पेशंटचं डोकं फिरतं. 'फाइलवर लिहिलंय की!' पण जरा दमानं घ्या. हा विसरभोळेपणा नाही, ही सिस्टिम आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2008 मध्ये ऑपरेशनसाठी 19 मुद्द्यांची चेकलिस्ट आणली. भूल देण्याआधी, चीर घेण्याआधी आणि पेशंट ओटीबाहेर नेण्याआधी, असं तीनदा थांबायचं आणि मोठ्यानं विचारायचं. अ‍ॅलर्जी आहे का? अँटिबायोटिक दिलं? गॉज, सुया मोजल्या? या कामाचे म्होरके होते बॉस्टनचे सर्जन डॉ. अतुल गावंडे. त्यांचे वडील मूळचे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. दिल्लीसह जगातल्या 8 शहरांत चाचणी झाली. 2009 मध्ये निकाल आला: मृत्यूंचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर!

आता स्टाफचं ऐका. 'आम्ही काय शिकाऊ आहोत?' असा सूर सुरुवातीला होताच. तीन महिने वापरल्यावर त्यांना निनावी प्रश्नावली दिली. सुमारे 80 टक्के म्हणाले, सोपी आहे. 20 टक्क्यांना मात्र ती वेळखाऊ वाटली. मग खरा गुगली: तुमचंच ऑपरेशन असेल तर चेकलिस्ट हवी? 93 टक्के म्हणाले, हवी!

म्हणजे दुसऱ्याच्या वेळी कटकट, स्वतःच्या वेळी मस्ट.

नवी नवलाई ओसरली की काय होतं? कॅनडात ऑन्टॅरिओच्या 101 हॉस्पिटल्सचा अभ्यास 2014 मध्ये छापून आला. कागदावर चेकलिस्ट जवळपास सगळीकडे वापरात, पण मृत्यूंच्या आकड्यात म्हणावा असा फरकच नाही. यावर बराच वाद झाला. एक गोष्ट मात्र उघड आहे. टीम खरंच थांबली होती की नर्सनं एकटीनं भराभर टिक मारले, हे कागद सांगत नाही.

या यादीत प्रत्येकानं स्वतःचं नाव आणि काम सांगायचं असतं. फालतू वाटतं ना? पण ज्युनिअर नर्सनं एकदा मोठ्यानं नाव सांगितलं की पुढे 'सर, एक मिनिट' म्हणणंही तिला सोपं जातं.

तेव्हा घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं, तर रूमला एसी आहे का हे जरूर विचारा. पण त्याआधी डॉक्टरांना विचारा, 'चेकलिस्ट सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचता ना?'