काल्पनिक प्राण्याला खायला काय घालाल?

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत मधमाश्या तयार होतात, असे कोणी सांगितले तर तुम्ही हसाल. पण ते अगदीच खोटे नाही. तेथील पियाजिओच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या तीनचाकीवर ‘आपे’ हे नाव असते. तो इटालियन शब्द आहे, आणि त्याचा अर्थ मधमाशी. १९४६ साली याच कंपनीने इटलीत जी स्कूटर काढली तिचे नाव ‘व्हेस्पा’, म्हणजे गांधीलमाशी. आणि १९४८ साली ओझे वाहणारी तीनचाकी काढली तेव्हा तिला कष्टाळू मधमाशीचे नाव मिळाले. बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर चारा, दुधाचे कॅन आणि शाळेची मुले वाहणारी ही मधमाशी तुम्ही रोज पाहता.

आता या नावावरून एखाद्या विद्यार्थ्याने खरोखरच तीन चाकांची, पाठीवर पोती घेऊन गुणगुणत जाणारी मधमाशी कागदावर काढली, तर? आणि ती संगणकावरच्या खेळात सोडली, तर? ‘माइनक्राफ्ट’ हा ठोकळ्यांचे जग रचण्याचा खेळ तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. ज्या शिक्षकांना तो माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, की या खेळाला आपल्या कल्पनेची पुरवणी जोडता येते. तिला ‘मॉड’ म्हणतात. मॉडमधून नवी झाडे, नवी हत्यारे, आणि मुख्य म्हणजे नवे प्राणी त्या जगात आणता येतात.

हा वेळेचा अपव्यय आहे असे पुष्कळ वडीलधाऱ्यांना वाटते. मला तसे वाटत नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. मुलांनी रचलेले बहुतेक प्राणी आळसाने रचलेले असतात. कोळी घ्यावा आणि हत्तीएवढा करावा. सिंह घ्यावा, त्याला पंख आणि शिंगे लावावीत, तोंडातून आग काढावी, की झाला नवा प्राणी! यात कल्पना फार नाही, बेरीज आहे. माझे मत असे, की नवा प्राणी रचताना निसर्गाचा एकच नियम मोडावा, आणि तो मोडल्यावर उरलेले नियम काय म्हणतात ते मुकाट्याने ऐकावे. व्यंगचित्रातल्या धमाल प्राण्यालाही हे लागू आहे.

खुद्द माइनक्राफ्टच तसे करते. तेथे झाडाचे खोड खालून तोडा, वरचा भाग हवेत तसाच लटकत राहतो. गुरुत्वाकर्षणाचा नियम मोडला! पण वाळू आणि खडी मात्र आधार काढताच खाली कोसळते. कोणत्या पदार्थाने नियम मोडायचा आणि कोणत्याने पाळायचा हे ठरलेले आहे, आणि ते बदलत नाही. म्हणून तर त्या जगात घरे बांधता येतात.

आता आपल्या तीनचाकी मधमाशीकडे वळू. प्राण्याला चाक का नसते, हा प्रश्न पोरकट नाही. चाकासारखी सोयीची वस्तू माणसाने काही हजार वर्षांत शोधली. निसर्गाला कोट्यवधी वर्षे मिळूनही ती का साधू नये?

तुमचा हात कोपरात वाकवून पुढे धरा आणि तळहात वर करा. आता तो खाली करा. साधारण अर्धा फेरा झाला की हात थांबतो. घुबडाची मान आपल्यापेक्षा खूप फिरते, पण तीही सुमारे २७० अंशांवर थांबते. चाकाला मात्र थांबून चालत नाही. ते एकाच दिशेने फिरतच राहायचे तर आसापासून सुटे हवे; आणि अवयव जिवंत राहायचा तर तो शरीराला जोडलेला हवा. रक्तवाहिन्यांतून त्याला अन्न आणि प्राणवायू मिळतो, मज्जातंतूंतून संदेश मिळतात. दहा फेऱ्यांतच या वाहिन्यांना चरखीवरच्या दोरासारखा पीळ पडेल. खरी अडचण ही आहे.

निसर्गात चाक अजिबातच नाही असे मात्र समजू नका. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूला शेपटीसारखे बारीक धागे असतात. ते चाबकासारखे हलतात असे पूर्वी वाटे. १९७३-७४ च्या सुमारास प्रयोगांनी दाखवून दिले की ते हलत नाहीत, मळसूत्रासारखे फिरतात. आणि धाग्याच्या मुळाशी एक खराखुरा फिरता आस असून तो सेकंदाला शंभराहून अधिक फेरे घेऊ शकतो. जिवाणूला हे जमते, कारण त्याला रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. तो इतका लहान आहे की अन्नाचे रेणू त्याच्या शरीरात आपोआप पसरतात.

मग आपल्या मधमाशीचे काय करायचे? मी सुचवतो तो उपाय पाहा. चाक जिवंत नसेल तर? आपली नखे आणि केस मृत द्रव्याचे असतात. म्हणून ते कापताना दुखत नाही. सांबराच्या शिंगावर वाढीच्या काळात मखमलीसारखी कातडी असते आणि तिच्यातून रक्त वाहते. वाढ पुरी झाली की ती कातडी गळते, आत उरते ते निर्जीव हाड. पुढे तेही गळून पडते आणि नवे शिंग फुटते. तसेच या मधमाशीचे चाक आधी जोडलेल्या अवस्थेत वाढावे, मग देठ सुकून सुटे व्हावे, वर्षभर झिजावे आणि पावसाळ्यापूर्वी गळून पडावे. म्हणजे वर्षातून काही आठवडे ती जागेवर बसून! त्या काळात तिला दाणापाणी कोण आणणार? तिचे शत्रू नेमके तेव्हाच येणार की नाही? पाहा, एकच नियम वाकवला आणि केवढी कथा तयार झाली. शिवाय काळ्या मातीत पावसाळ्यात चाक रुतते, हे आपे चालवणाऱ्या कोणालाही विचारा. तेव्हा हा प्राणी मुरमाड माळावरचाच असणार, उसाच्या रानातला नव्हे. प्राण्याने आपली जागा स्वतःच निवडली!

हत्तीएवढ्या कोळ्याची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण हे गणित गॅलिलिओने १६३८ सालीच मांडून ठेवले आहे. दोन सेंटिमीटर लांबीचा कोळी शंभरपट मोठा करा. लांबी शंभरपट, म्हणून पायाच्या छेदाचे क्षेत्रफळ दहा हजारपट. पण घनफळ, आणि म्हणून वजन, दहा लाखपट. पायाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर शंभरपट भार येणार. त्यात कोळ्याला वाढताना कवच टाकावे लागते. नवे कवच मऊ असते, तोवर तो कोळी आपल्याच वजनाने भाकरीसारखा पसरेल. जे. बी. एस. हॉल्डेन या जीवशास्त्रज्ञाने १९२६ साली प्राण्यांच्या योग्य आकारमानावर एक सुरेख निबंध लिहिला. हेच हॉल्डेन १९५७ साली भारतात राहायला आले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. शिक्षकांनी तो निबंध मिळवून वर्गात जरूर समजावून सांगावा.

तुम्हाला मोठा कोळी हवाच असेल तर तुमच्या जगातले गुरुत्वाकर्षण कमी करा. पण मग पावसाचे थेंबही सावकाश पडू द्या आणि बेडकाला घरावरून उडी मारू द्या. सवलत एकट्या कोळ्याला देऊ नका.

माइनक्राफ्टमधला सर्वांत प्रसिद्ध प्राणी, हिरवा ‘क्रीपर’, चुकून जन्मला. २००९ साली स्वीडनचा मार्कुस पेर्सॉन डुक्कर तयार करीत होता. लांबी आणि उंचीचे आकडे उलटे पडले आणि उभा, चार आखूड पायांचा एक विचित्र प्राणी पडद्यावर आला. पण तेवढ्याने तो लोकप्रिय झाला असता काय? त्याला स्वभाव मिळाला. तो आवाज न करता जवळ येतो, फुटतो, आणि मांजराला पाहून पळतो. मांजराशी असलेले हे नाते मला त्याच्या आकारापेक्षा अधिक मोलाचे वाटते. जीवसृष्टीत नुसता आकार कधी एकटा नसतो. कोण कोणाला खातो, कोण कोणाला भितो, यावर सगळे उभे असते.

आणि खाण्याचाच विचार तुमच्या चित्रांत नसतो. ड्रॅगन काय खातो? वन्यजीवशास्त्रज्ञांच्या हिशेबाने एका वाघाला वर्षाकाठी चितळाएवढी सुमारे ५० जनावरे लागतात. तेवढी जाऊनही कळप टिकायचा तर मुळात ५०० असावी लागतात. आता तुमचा ड्रॅगन वाघाच्या वीसपट वजनाचा, म्हणजे हत्तीएवढा धरू. भूक वीसपट होत नाही, कारण मोठ्या प्राण्याला किलोमागे ऊर्जा कमी लागते. मॅक्स क्लायबरने १९३२ साली मांडलेल्या नियमाने ती सुमारे साडेनऊपट होईल. तरीही एका ड्रॅगनमागे पावणेपाच हजार हरणे हवीत. आग ओकण्याचा खर्च यात धरलेलाच नाही! तुम्ही तर एका डोंगरावर दहा ड्रॅगन बसवता.

बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली ते घोषित झाले; क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. गवत, खुरटी झुडपे आणि मुरूम. तेथे चिंकारा राहतो. तो दिवसेंदिवस पाणी न पिता पाल्यातल्या ओलाव्यावर निभावतो. हा तुमच्या एखाद्या मायावी प्राण्याचा गुण म्हणून शोभला असता. इंदापूर तालुक्यात भिगवण-कुंभारगावला, १९८० साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर, हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. त्यांचे दुसरे नावच अग्निपंख! त्यांचा गुलाबी रंग अन्नातून येतो, पिल्ले करडी असतात. आणि चोच उलटी धरून ते चिखलातले अन्न गाळून घेतात. आणि साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावरचा सरडा विणीच्या हंगामात गळ्याखालची निळी, काळी, केशरी कातडी पंख्यासारखी फुलवतो. २०१६ साली शास्त्रज्ञांनी त्याच्यासाठी नवी प्रजाती मांडली तेव्हा तिला आपलाच मराठी शब्द दिला, ‘सरडा’. कोणत्या व्यंगचित्रकाराला याहून भडक रंग सुचतील?

माळावर लांडगाही आहे. खेळातल्या लांडग्याला हाड दिले की तो पाळीव होतो आणि मालकामागे फिरतो. आपल्याकडचा लांडगा हाडाने वश होत नाही. चिंकारा आणि ससे कमी झाले तसा तो पुष्कळ अंशी धनगरांच्या शेळ्यामेंढ्यांवर जगतो. मेंढरू गेले तर वनखात्याकडून भरपाई मिळू शकते, पण पंचनामा होईपर्यंत फिरता कळप अनेकदा पुढच्या गावी गेलेला असतो. म्हणजे लांडग्याच्या पोटाचा खर्च सर्वांत आधी धनगर सोसतो. तुम्ही माळाचा मॉड केलात तर त्यात लांडगा ठेवा, आणि धनगरही ठेवा. दोघांपैकी एकच ठेवणारा मॉड मला लबाड वाटेल.

जागेचे काय? माइनक्राफ्टचे जग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहा कोटी ठोकळे आहे, आणि एक ठोकळा म्हणजे एक मीटर. चौरस किलोमीटरचा हिशेब केला तर हे क्षेत्र पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या सुमारे सातपट भरते. इतक्या जागेत कोणालाही कितीही प्राणी सोडता येतात. मयूरेश्वरच्या पाच चौरस किलोमीटरांत तसे चालत नाही. त्या कुंपणाबाहेरच्या माळाला तर आपण बोलताना आणि कागदोपत्री ‘पडीक’ म्हणतो, जणू तेथे कोणी राहतच नाही. ज्या मुलाने आपल्या चाकवाल्या मधमाशीसाठी मुरमाड जमीन शोधली त्याला हा शब्द खटकला पाहिजे.

एक सोपी भर सुचवतो. माइनक्राफ्टमध्ये ऊस आहे. पाण्याला लागून असलेल्या ठोकळ्यावरच तो उगवतो आणि तीन ठोकळे उंच वाढतो. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ साली या भागात आले आणि पुढे येथला ऊस वाढत गेला, तसाच हा ऊसही पाण्यामागून येतो. त्या उसाने इंदापूर-बारामतीची घरे उभी केली, मुलांना शाळेत घातले. त्याच्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. पण खेळातल्या उसामुळे कोणाचेही काही जात नाही, हे मात्र खरे वाटत नाही. तुमच्या मॉडमध्ये उसाचा ठोकळा लावला की गवताचा ठोकळा कमी होऊ द्या. गवताचे शंभर ठोकळे गेले की एक चिंकारा कमी, आणि दहा चिंकारे गेले की लांडगा रात्री मेंढवाड्याकडे वळेल. आकडे तुम्ही ठरवा आणि वर्गात त्यांवर भांडा. एवढा नियम लिहायला फारशा ओळी लागत नाहीत.