आमची जमेची बाजूही लिहा



"आई, आता तुम्ही आराम करा." ऐकायला गोड वाटते, पण पुष्कळदा अर्थ एवढाच असतो की तुम्ही मध्ये बोलू नका. नातवाला भरवायचे असते, गॅसवाल्याची वाट पाहायची असते, तेव्हा आमच्या आरामाची आठवण कुणालाच होत नाही!

सरकारचेही तेच. रेल्वेत ५८ वर्षांवरील स्त्रियांना ५० टक्के आणि ६० वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के सवलत होती. मार्च २०२० मध्ये करोनामुळे ती बंद झाली. करोना ओसरला, सवलत काही परत आली नाही. का? तर रेल्वेवर भार पडतो!

मी कॉमर्सची पदवीधर. नुसती खर्चाची बाजू लिहून हिशोब पुरा होत नाही, हे पहिल्याच वर्षी शिकवतात. सून निर्धास्तपणे ऑफिसला जाते, तिचा पगार देशाच्या उत्पन्नात धरतात. तिचे मूल दिवसभर सांभाळणाऱ्या सासूचे काम धरत नाहीत. तेच मूल पाळणाघरात ठेवून पैसे मोजले की लगेच धरतात! मूल तेच, काम तेच.

घसारा यंत्रावर काढतात, माणसावर नाही. तेव्हा गप्प बसू नका. घरातल्या निर्णयात आपले मत ठामपणे मांडा. महिला मंडळातर्फे सवलतीसाठी रेल्वेला पत्र पाठवा. आपण दान मागत नाही, आपले येणे मागतो आहोत.