थायरॉइडच्या नावावर बिल फाडू नका

नागपुरात डाएटचा विषय निघाला की दोन मिनिटांत डॉ. श्रीकांत जिचकारांचं नाव निघतंच. दिवसातून दोनदाच जेवा, मधे तोंड हलवू नका, कारण प्रत्येक खाण्याला इन्शुलिन पाझरतं, हा त्यांचा सिद्धांत. २ जून २००४ रोजी कोंढाळीजवळ अपघातात ते गेले. पण विचार राहिला, आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तो ५५ मिनिटांच्या नियमासकट महाराष्ट्रभर नेला. आज ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये तर्री पोह्यांची प्लेट मागे सारणारा एक तरी ‘दोन वेळावाला’ सापडतोच.

सिद्धांताशी माझं भांडण नाही. माझा मुद्दा तिसऱ्या-चौथ्या महिन्याचा आहे. पहिले पाच-सहा किलो भराभर उतरतात आणि मग काटा अडतो. हात गार पडतात, आळस येतो, भूक मात्र दुप्पट. अशा वेळी आपल्याकडे दोनच निकाल लागतात. पुरुष असेल तर, ‘तू चोरून खात असशील बावा.’ बाई असेल तर, ‘थायरॉइड असेल, चेक कर.’ माझ्या मते बहुतेक वेळा दोन्ही निकाल चूक असतात. आणि दुसरा जास्त धोक्याचा, कारण त्यावर एक स्वस्त गोळी मिळते.

आधी भुकेचं खातं बघू. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं हार्मोन सोडतात. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने ते शोधलं. दुसरं घ्रेलिन, जठरातून येणारं, भूक पेटवणारं. ते जपानी शास्त्रज्ञांना १९९९ मध्ये सापडलं. लेप्टिन सापडल्यावर सगळ्यांना वाटलं, चला, बारीक होण्याचं औषध मिळालं! पण जाड माणसांच्या रक्तात लेप्टिन आधीच भरपूर निघालं. मेंदू त्याला दाद देत नव्हता, एवढंच. लेप्टिनचं खरं काम पोट भरल्याचं सांगणं कमी आणि ‘कोठार रिकामं होतंय, दुष्काळ आला’ ही बोंब मारणं जास्त. ते वाढून फारसं काही होत नाही. घटलं की मात्र सगळी यंत्रणा जागी होते.

आणि इथेच थायरॉइड चित्रात येतो. लेप्टिन घटलं की मेंदूतला हायपोथॅलॅमस थायरॉइडला जाणारी ऑर्डरच कमी करतो. शिवाय टी-४ पासून काम करणारं टी-३ बनणंही मंदावतं. थोडक्यात, शरीर स्वतःहून बॅटरी सेव्हर मोड लावतं. १९९६ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी उपाशी उंदरांना लेप्टिन टोचलं, तेव्हा थायरॉइड हार्मोनची ही घसरण बरीच रोखली गेली. २००५ मध्ये कोलंबिया विद्यापीठात दहा टक्के वजन उतरवलेल्या माणसांना लेप्टिन देऊन ते पूर्वीच्या पातळीवर आणलं, तर टी-३, टी-४ आणि खर्च होणारी ऊर्जा, सगळं पुन्हा वर आलं. म्हणजे ग्रंथी ठणठणीत होती. वरूनच काम कमी आलं होतं.

आता फरक लक्षात घ्या. ग्रंथी खरंच बिघडली असेल तर मेंदू तिच्यावर ओरडतो, म्हणून टीएसएच वाढतो. डाएटमुळे आलेल्या मंदीत ओरडणाराच गप्प असतो. टीएसएच सहसा नॉर्मल येतो. म्हणून एकदा टीएसएच जरूर तपासा. वाढलेला आला तर डॉक्टरकडे जा आणि नीट उपचार घ्या. नॉर्मल आला तर मात्र ‘लॅबवाल्याला काय कळतं’ म्हणत मावशीच्या डबीतली थायरॉक्सिनची गोळी सुरू करू नका. गरज नसताना घेतलेल्या या गोळीने चरबीबरोबर स्नायू झिजतात, हाडं विरळ होतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. शिवाय अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या मते खऱ्या हायपोथायरॉइडिझममुळे वाढणारं वजनही साधारण दोन ते साडेचार किलोच असतं, आणि त्यातलं बरंचसं मीठ-पाणी. मग वीस किलोंचं बिल त्या बिचाऱ्या ग्रंथीच्या नावावर का फाडायचं?

आता ‘चोरून खातोस’वाल्यांसाठी. २०११ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी दाखवलं की वजन उतरवल्यावर वर्षभरानंतरही लेप्टिन खाली आणि घ्रेलिन वरच राहतं. म्हणजे बारीक झालेल्या माणसाला पूर्वीपेक्षा जास्त भूक लागते, तीही वर्षभर. याला ‘मनावर ताबा नाही’ म्हणणं म्हणजे सर्व्हरवर दुप्पट लोड टाकून प्रोग्रॅमरला शिव्या देण्यासारखं आहे :)

मग करायचं काय? माझं मत साधं आहे. दोन वेळा जेवायचं तर जेवा, पण त्या दोन वेळा पोटभर आणि डाळ-उसळ-अंडी धरून जेवा. दोन जेवणांच्या नावाखाली उपासमार नको. मधुमेहाची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. काटा अडला तर दोन-तीन महिने आहे तिथेच थांबा, तेही यशच आहे. आणि झोपा! २००४ मध्ये शिकागोत बारा तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. दहा तास झोपण्याच्या तुलनेत त्यांचं लेप्टिन १८ टक्के घटलं, घ्रेलिन २८ टक्के वाढलं. मिहानमध्ये बसून रात्री एक वाजेपर्यंत अमेरिकेचे कॉल घेणाऱ्यांनी हा आकडा मॉनिटरवर चिकटवायला हरकत नाही.

जिचकारांनी सामान्य माणसाला इन्शुलिन हा शब्द शिकवला, ही मोठीच गोष्ट. आता आपण पुढचा धडा शिकायला हवा: भूक आणि थायरॉइड एकाच तारेवर आहेत, आणि ती तार दुष्काळात तगून राहण्यासाठी ओढलेली आहे. तिच्याशी कुस्ती खेळून आजवर फार कोणी जिंकलेलं नाही. तेव्हा जरा दमानं घ्या.